पूर्ण स्पर्धा आणि सरांचा मका

दहावीला मला नव्वद टक्क्यांच्या वर गुण पडले आणि मी अकरावीला कला शाखा घेतली. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगितली, की आमच्या अंथुर्ण्यात समोरचा माणूस अभिनंदन करायला तोंड उघडायचा आणि ते तसंच उघडं राहायचं. मग आवाज खाली आणून विचारायचा, "सायन्सला नंबर लागला न्हाय व्हय गं?"

नंबर लागत होता. मीच अर्ज भरला नव्हता. पण हे सांगून काही उपयोग नसायचा. नव्वद टक्के मिळवलेली मुलगी शुद्धीवर असताना आर्ट्सला जाते, यावर विश्वास ठेवायला कुणीच तयार नव्हतं. त्यामुळे पुढं पुढं मी नुसतीच मान खाली घालायला लागले. लोकांना बरं वाटायचं.

इंदापूरची आत्या तर मुद्दाम भेटायला आली. येताना केळी घेऊन आली, दवाखान्यात कुणाला बघायला जाताना नेतात तशी. आल्या आल्या आईच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आसू दे. एवढं मनाला लावून घ्यायचं न्हाय." आईनं काहीच मनाला लावून घेतलं नव्हतं, ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आत्याच्या मुलाला सायन्सला तीन क्लास लावले होते. त्याचं पुढं काय झालं ते मी इथं सांगत नाही, कारण त्यालाही ते नीट सांगता येत नाही.

आत्याचं सांत्वन बराच वेळ चाललं, तेव्हा पप्पा आतून बाहेर आले. पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून. बोलणं कमी. त्यांनी पुढच्या खोलीतल्या भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. निळा कोट, गोल चष्मा, आमच्याकडच्या प्रत्येक घरात असतो तो फोटो.

"अक्का, ह्यांनी काय शिकलं होतं?"

"वकिली की."

"वकिली नंतर. आधी अर्थशास्त्र. बोटीनं जाऊन."

त्या फोटोशी आमच्या घरात कुणी वाद घालत नाही. माझ्यावर मात्र एका मिनिटात भलतंच ओझं येऊन पडलं. मी अर्थशास्त्र घेतलं होतं ते प्रयोगशाळेच्या वासानं डोकं दुखतं म्हणून. पण तेवढ्यात पप्पा म्हणाले, "पोरगी त्याच वाटेनं चालली हाय," आणि मी, जिनं तोवर बारामतीच्या पलीकडची वाटसुद्धा धड पाहिली नव्हती, गंभीर चेहरा करून केळं सोलायला घेतलं.

कॉलेज बारामतीला. सकाळची एसटी धरायची, लासुर्ण्यात गर्दी वाढायची, आणि कारखाने सुरू असले की पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अशी काही लागायची, जणू तीही गाळपालाच निघाली आहे. पहिला तास बहुतेक वेळा ट्रॉलीच्या मागंच संपायचा. तो अर्थशास्त्राचा नसला तर मला हळहळ वाटायची. अर्थशास्त्राचा असला तर काही बुडायचं नाही, कारण आदल्या तासाला सर ज्या वाक्यापाशी असायचे, दुसऱ्या दिवशीही साधारण तिथंच असायचे.

हे सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्याचं मानधन, सुट्टीत काही नाही, आणि पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाही माहीत नाही. वय पस्तिशीच्या आसपास, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात पिवळी पडलेली वही. ती त्यांची स्वतःची बारावीची वही आहे असं मुलं म्हणायची. शिकवण्याची पद्धत सोपी होती. ते सांगायचे आणि आम्ही लिहायचो. विरामचिन्हंसुद्धा सांगायचे.

"लिहा. इतर परिस्थिती स्थिर असताना, स्वल्पविराम, वस्तूची किंमत वाढली असता मागणी कमी होते, पूर्णविराम. खाली एक ओळ सोडा."

आमच्या वर्गातल्या एका मुलानं परीक्षेत 'स्वल्पविराम' हा शब्द अक्षरांत लिहिला होता. त्याला गुण मिळाले.

'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे त्या विषयातलं सगळ्यात लाडकं वाक्य. प्रत्येक नियमाच्या आधी ते यायचं, सभेआधी दीपप्रज्वलन यावं तसं. आता आमच्या भागात इतर परिस्थिती कधी स्थिर असते? कालव्याला पाणी सुटलं की रानात पाण्याची दारं धरायला अर्धा वर्ग गायब. शेतीपंपाची लाइट दिवसाची असली की उरलेला अर्धा. मी एकदा उभी राहून विचारलं, "सर, इतर परिस्थिती बदलली तर काय होतं?"

सरांनी वही चाळली. मग शांतपणे म्हणाले, "ते आपल्याला नाही."

म्हणजे अभ्यासक्रमात नाही. मला ते उत्तर इतकं आवडलं की घरी पुढचे कितीतरी दिवस मी त्यावर काम भागवलं. आई म्हणायची भांडी घास, मी म्हणायचे, ते आपल्याला नाही. एकदा पाठीत बसल्यावर ते बंद केलं.

अकरावी अशीच सरली. बारावीत मागणीच्या धड्यात कनिष्ठ वस्तू आल्या. उत्पन्न वाढलं की माणूस जी वस्तू कमी घ्यायला लागतो ती कनिष्ठ. सरांनी उदाहरण सांगितलं, "लिहा. उदाहरणार्थ, ज्वारी, स्वल्पविराम, बाजरी." सगळ्या वर्गानं माना खाली घालून लिहिलं. प्रत्येकाच्या दप्तरात डबा होता आणि प्रत्येक डब्यात भाकरी होती.

मला ही बातमी घरी पोचवायची घाई झाली होती. संध्याकाळी आई चुलीपुढं बसली होती. गॅस होता, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागायची. मी शेजारी बसून सांगितलं, "आई, बाजरी कनिष्ठ वस्तू हाय."

"कोन म्हनलं?"

"पुस्तक."

"पुस्तक काय खातं?"

"तसं न्हाय गं. मान्साकडं पैसा आला की तो भाकरी सोडून चपाती खातो, म्हनून."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं आणि म्हणाली, "तुज्या पप्पाला कायम झाल्यापासनं पगार किती वाढला? सोडली का त्यांनी भाकरी? दोन दिस चपाती केली की तिसऱ्या दिशी तोंड वाकडं करत्यात. लिव्ह म्हनावं तुज्या पुस्तकाला."

मग तिनं मला ताट वाढलं आणि त्यात मुद्दाम चपातीच वाढली. दोन दिवसांची. "श्रेष्ठ वस्तू खा," म्हणाली. 'श्रेष्ठ' हा शब्द तिनं इतका स्वच्छ उच्चारला की पप्पा पेपरामागं हसल्याचं मला ऐकू आलं. मी चिवट चपाती चावत बसले. सिद्धांताविषयीची माझी पहिली शंका तिथली.

वर्गात माझ्या शेजारी बारामतीचीच एक मुलगी बसायची. तिच्या अब्बांचं चपलांचं दुकान होतं आणि ती लहानपणापासून शाळेतून सुटली की गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसत आलेली. मागणीची लवचिकता हा धडा सरांनी चार दिवस सांगितला, तरी माझ्या डोक्यात शिरेना. पाच आकृत्या आणि पाचही रेषा वेगवेगळ्या कोनात पडलेल्या. मधल्या सुट्टीत तिनं माझ्या डब्यातला ठेचा घेत घेत तो दोन मिनिटांत सांगितला.

"हे बघ, ईदच्या आदल्या दिवशी अब्बांनी भाव थोडा चढवला तरी बाई घेऊन जाते, कारण उद्या लेकराच्या पायात नवीन पाहिजेच. ती अलवचिक. आणि एरवी थोडा जरी वाढवला, तरी ती म्हणते 'येते फिरून' आणि शेजारच्या दुकानात जाते. ती लवचिक. झालं."

"मग सर असं का सांगत नाहीत?"

"सरांचं दुकान कुठंय?" ती म्हणाली.

हीच मुलगी प्रकल्पाच्या वेळी मात्र साफ निराळी वागली. बारावीला प्रकल्पाला गुण असतात. कॉलेजच्या समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पांची पुस्तिका मिळायची. त्यातून एक विषय निवडायचा, सुवाच्य अक्षरात उतरवायचा, स्केचपेननं समास आखायचे, प्लॅस्टिकचं वेष्टन घालायचं आणि शेवटी पालक, शिक्षक व मित्रपरिवाराचे आभार मानायचे. जिच्या घरात जिवंत बाजार चालू होता, त्या माझ्या मैत्रिणीनं विषय घेतला 'भारताचा परकीय व्यापार'. मी म्हटलं, चपलांवर लिही की. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्या घरचं भांडण कॉलेजात वाचायला सांगतेय. वर पहिल्या पानावर चमकीनं जहाज काढलं.

मला स्वतःचं डोकं चालवायची हौस आली. बाजाराच्या धड्यात 'पूर्ण स्पर्धा' होती. तिची वैशिष्ट्यं आम्ही पाठ केली होती: असंख्य खरेदीदार, असंख्य विक्रेते, सगळा माल एकजिनसी, सगळ्यांना बाजाराचं पूर्ण ज्ञान, वाहतूक खर्च नाही. मी ठरवलं, मार्केट यार्डात जायचं आणि ही सगळी वैशिष्ट्यं एकेक करून डोळ्यांनी बघायची. कॉलेजला फार महत्त्वाचे तास नव्हते असा एक दिवस निवडला. आमच्या सरांचाही त्या दिवशी तास नसायचा.

यार्डात पोचले तर मक्याची आवक जोरात होती. पत्र्याच्या उंच शेडखाली पिवळे ढीग ओळीनं ओतलेले, मधून चालायला वीतभर वाट. प्रत्येक ढिगामागं त्याचा मालक उभा. विक्रेते असंख्य, हे बरोबर निघालं. मी वहीत टिकमार्क केला. खरेदीदार शोधायला लागले. लिलाव पुकारणाऱ्या अडत्याबरोबर, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या माणसाबरोबर, चारपाच जण ढिगापासून ढिगाकडं चालले होते. बाकीचे कुठं आहेत म्हणून मी एका हमालाला विचारलं.

"बाकीचे कोण?"

"खरेदीदार. असंख्य असतात ना?"

तो पाठीवरचं पोतं न उतरवता म्हणाला, "ताई, आज हेच हायती. तुमाला घ्यायचाय का मका? घ्या की, म्हंजी सा हुतील."

मी दुसऱ्या टिकमार्काची जागा मोकळी सोडली. आणि पुढच्या ढिगाकडं वळले, तर ढिगामागं आमचे सर.

पांढरा शर्ट तोच, पण बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेन नाही, केसांवर मक्याचा भुसा. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी पटकन शेजारच्या पोत्यांच्या थप्पीमागं सरकले. का सरकले ते नीट सांगता येत नाही. शिक्षकांना बाजारात बघणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्यांच्या तोंडावर जो भाव होता, तो तोंडी परीक्षेच्या रांगेतल्या मुलासारखा होता.

लिलावाचा घोळका त्यांच्या ढिगापाशी आला. त्यातला एक तरुण व्यापारी, गळ्यात जाड साखळी, सरांना पाहून चटकन पुढं झाला. "सर, नमस्कार!" म्हणत वाकून पाया पडला, आणि उठता उठता त्याच वाकण्यात ढिगातला मूठभर मका उचलला. इतकं काटकसरीचं अभिवादन मी पुन्हा कुठं पाहिलं नाही.

त्यानं एक दाणा दाताखाली धरला, चावला.

"सर, वल हाय."

"ओल कुठली? चांगला वाळवलाय अंगणात."

"कडकन् वाजला न्हाय, सर."

तो एक आकडा बोलला. दुसऱ्यानं त्याच्यापेक्षा किंचित वरचा. तिसरा फोनवर होता, त्यानं नुसती मान हलवली. सर त्या तरुणाच्या जवळ गेले आणि ज्या आवाजात ते आम्हाला 'खाली एक ओळ सोडा' सांगायचे, त्याच्या अगदी उलट आवाजात म्हणाले, "अरे, जरा वर घे की."

"सर, तुमीच शिकिवलंय न्हवं? पुरवठा वाढला की किंमत खाली. बघा की आज किती ढीग पडल्यात."

आजूबाजूचे शेतकरी हसले. सरही हसले. तोंड उघडून काहीतरी बोलायला गेले आणि वाकून ढीग सारखा करायला लागले. मला त्या क्षणी पुढचं वाक्य माहीत होतं, इतर परिस्थिती स्थिर असताना, स्वल्पविराम. पण ते वाक्य तिथं म्हणायची सोय नव्हती. त्या तरुणानं एक पायरी वर चढवली, अडत्यानं तीन वेळा पुकारलं, घोळका पुढं गेला. दोन मिनिटंही लागली नाहीत. पेरणीपासून वाळवणीपर्यंतचे महिने, आणि दोन मिनिटं.

मग सरांनी मान वळवली आणि मी दिसले. वही हातात, पेन उघडं.

"प्रकल्प?"

"व्हय सर."

त्यांनी केसांतला भुसा झटकला, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, आणि थोडा विचार करून म्हणाले, "चहा घेणार?"

यार्डाच्या फाटकाजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. सर दोन वर्षांत पहिल्यांदाच वहीशिवाय बोलत होते.

"तो पोरगा माझा विद्यार्थी. बारावीला माझ्याच विषयात राहिला. दोनदा."

मला हसू आवरेना. सरही हसले. मग मी विचारलं, "सर, नाही द्यायचा ना त्या भावाला. परत न्यायचा मका."

"न्यायचा कशात? टेम्पो परत गेला. पुन्हा पोती भरायची, पुन्हा चढवायची, घरी नेऊन ठेवायची कुठं? आणि मधेच आभाळ आलं तर? पुस्तकात वाहतूक खर्च नसतो बघ, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला माल परत नेता येतो."

"मग पुस्तकातला तो पूर्ण स्पर्धेचा बाजार असतो कुठं?"

"पुस्तकात. म्हणून तर तो पूर्ण."

मी ते लगेच वहीत लिहून घ्यायला लागले, तसा त्यांचा आवाज पुन्हा वर्गातला झाला. "हे प्रकल्पात लिहू नकोस. वैशिष्ट्यं लिही. आकृती काढ. सरळ रेषा, पट्टीनं. गुण त्याला आहेत."

मी मान डोलावली, आणि घरी जाऊन सगळं लिहिलं.

नुसतं लिहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी ते रंगवून लिहिलं. नाव घातलं नाही, पण 'एक सुशिक्षित शेतकरी, जो स्वतः अर्थशास्त्राचा जाणकार आहे' असा उल्लेख केला. त्याचा मका दमट कसा निघाला, जाणकार असूनही त्याला भाव वाढवून मागताना चाचरायला कसं झालं, पाया पडता पडता उचललेली मूठ, सगळं आलं. दर चार ओळींनी मी थांबून स्वतःवर खूश होत होते. पप्पांना वाचून दाखवलं. ते पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "मानूस वळखू यील का गं ह्यातनं?" मी म्हटलं, "न्हाय. नाव कुठं हाय?" सतरा वर्षांच्या माणसाला नाव गाळलं की सगळं झाकलं असं वाटतं.

प्रकल्पाची तोंडी परीक्षा विभागप्रमुख मॅडम घेत होत्या. मॅडम कायम होत्या, म्हणजे त्यांची नोकरी कायम होती आणि चेहऱ्यावरची नाराजीही. आमचे सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, यादीत टिकमार्क करायला. माझ्या आधी चौदा मुलांनी परकीय व्यापार केला होता. माझ्या मैत्रिणीच्या जहाजाचं कौतुक झालं. मग मी.

मॅडमनी माझी वही उघडली. वेष्टन नव्हतं, त्याबद्दल एक उसासा. वाचायला लागल्या. वाचता वाचता भुवया चढत गेल्या.

"हे काय आहे? पूर्ण स्पर्धेत चारपाच खरेदीदार?"

"पाच होते मॅडम. एक फोनवर होता."

"एका ढिगावरून सिद्धांत ठरतो का? आणि हा कोण, 'जो स्वतः अर्थशास्त्राचा जाणकार आहे'? असा माणूस यार्डात मका घेऊन उभा राहतो का? प्रकल्पात काल्पनिक लिहायचं नसतं, इतकंही शिकवलं नाही का तुम्हाला?"

हा शेवटचा प्रश्न सरांकडं पाहून होता. सर यादीकडं बघत होते. त्या क्षणाला मला कळलं की मी काय केलंय. सरांनी चहा पाजून एक गोष्ट करू नकोस म्हणून सांगितली होती, आणि मी ती लोकांनी हसावं म्हणून केली होती. मी "काल्पनिकच आहे मॅडम" म्हणायला तोंड उघडलं.

"तो मी आहे, मॅडम," सर म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"तुम्ही मका लावता?"

"हो. लिमटेकजवळ आहे थोडं रान."

मला वाटलं, आता सरांचे पुढच्या वर्षीचे तास गेले. मॅडम पुढं झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "किती लागला तुम्हाला?"

सरांनी आकडा सांगितला.

"बघा! आमचा डाळजच्या रानातला त्याच्याही खाली गेला. यांना वेळ नसतो, सगळं मीच बघते. मला पण हेच म्हणाले, ओल आहे. दरवेळी ओल! तुम्ही वाण कुठलं घेता?"

मग ते दोघं बोलायला लागले. बियाणं, मळणीयंत्र, मजूर मिळत नाहीत, पुढच्या खेपेला जनावरांच्या मुरघासाला हिरवाच द्यावा का, आणि यार्डात नेण्यापेक्षा कोंबडीखाद्यवाल्याला जागेवर दिला तर कसं. दहा मिनिटं मी समोर उभी. त्या दहा मिनिटांत त्या दोघांनी जेवढं अर्थशास्त्र केलं, तेवढं दोन वर्षांत मी त्या इमारतीत ऐकलं नव्हतं, आणि त्यात एकही स्वल्पविराम कुणी सांगितला नाही. अखेर मॅडमना मी दिसले.

"तू जा गं. आणि वैशिष्ट्यं पाठ कर. बोर्डात हे असलं चालणार नाही."

प्रकल्पाचे गुण लागले तेव्हा सगळ्या वर्गाला सारखेच होते. चमकीच्या जहाजालाही तेवढेच, माझ्या मक्यालाही तेवढेच. विषमता निर्मूलनाचा एवढा यशस्वी कार्यक्रम मी नंतर अभ्यासातसुद्धा वाचला नाही.

त्या दिवशी तोंडी परीक्षा आटोपल्यावर मी सरांची वाट बघत जिन्यात थांबले. ते आले. मी माफी मागायची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, पण तोंडातून आलं ते एवढंच, "सर, चुकलं माझं."

"काय चुकलं? बरोबर लिहिलंयस." दोन पायऱ्या उतरून ते थांबले, मागं वळले. "एकच चूक आहे. मका दमट नव्हता. त्या पोरानं माझे निम्मे तास चुकवलेत, त्याला ओल काय कळणार?"

आणि गेले. ते चिडलेत, दुखावलेत की गंमत करतायत हे मला कळलं नाही. घरी जाऊन माझ्या प्रतीतला 'दमट' शब्द खोडला. कुणी बघणार नव्हतं, तरी खोडला.

बोर्डाच्या पेपरात पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्यं आली. मी लिहिलं, असंख्य खरेदीदार. असंख्य विक्रेते. वस्तू एकजिनसी. पूर्ण ज्ञान. वाहतूक खर्चाचा अभाव. पट्टीनं रेषा काढली, सरळ. मनात त्या हमालाचं पोतं दिसत होतं आणि हात अजिबात अडखळत नव्हता. अर्थशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले. खोटं लिहून पहिली आले असं म्हणणार नाही. अभ्यासक्रमातलं लिहून आले.

आत्यानं फोन करून सांगितलं की आता बँकेच्या परीक्षा दे. पप्पा पेढे घेऊन आले, आधी फोटोपुढं ठेवले, मग मला त्यातले थोडे कागदात बांधून दिले आणि म्हणाले, "सरांकडं जाऊन ये. हातात दे."

सरांचं घर रानात. अंगणात शेवग्याचं झाड, ओट्यावर पुस्तकांचा गठ्ठा, त्यावर वजन म्हणून विळा. सर पाणी देऊन आलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. त्यांनी पेढा तोंडात टाकला, ओल्या हातांनीच गुणपत्रिका धरली, अर्थशास्त्राचा आकडा पाहिलासुद्धा नाही.

"पुढं काय?"

"पुण्यात बी.ए. करीन म्हणते. अर्थशास्त्रच."

"मग गणित घे बरोबर. सोपं म्हणून दुसरं काही घेऊ नकोस. मी ते टाळलं. ते टाळलं की पुढचं काही कळत नाही, मग माणूस व्याख्या सांगत फिरतो."

त्यांच्या बायकोनं चहा आणला आणि हसत म्हणाली, "घरी पन सांगत्यात ओ. मीठ जास्त झालं तरी व्याख्या."

सर हसले नाहीत. गुणपत्रिका नीट घडी करून माझ्या हातात दिली. त्या वर्षी त्यांना कॉलेजनं निम्मेच तास दिले होते, हे मला त्यांच्या बायकोनं निरोप देताना फाटकापाशी सांगितलं.

मी पुण्यात गणित घेतलं. पहिल्या सत्रात त्यातच नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधे उभी राहून मी आधी रडले, मग घरी फोन न करता सरांना केला. पलीकडून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

"किती पडले?"

मी सांगितलं.

"म्हणजे पेपर दिलास तरी. मला वाटलं गैरहजर राहिलीस." मग मोटार बंद झाल्याचा आवाज आला. "कुठं अडतंय ते सांग. मला येत नसलं तर आपण दोघं मिळून बघू. पुस्तक आहे माझ्याकडं, नवीनच आहे, उघडलेलं नाही."

त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी आम्ही फोनवर गणित करायला लागलो. मी पुण्यात, ते लिमटेकला ओट्यावर. पहिले काही रविवार दोघांनाही काही येत नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी सुटले, काठावर. सरांनी विचारलं, किती, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "चालेल. पुढचा धडा कुठला?"